खोगिराखाली

"कपाळावरच अशुभ भोवरा घेऊन आलेली घोडी! तुझ्या बापानं दिली, तेव्हापासून घराला पीडा," सासरे अंगावरची माती झटकत माझ्यावर ओरडले. घोडीनं त्यांना भर बाजारात पाडलं होतं आणि तिला विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हसत निघून गेलं होतं.

मी खोगीर उतरवलं. घोडीची पाठ थरथरत होती. खोगिराच्या गादीवरून हात फिरवला, तर बोटाला टोचलं. दाभणाचं तुटकं टोक होतं. गादी कालच सासऱ्यांनी शिवली होती, मला हातही लावू न देता.

मी टोक त्यांच्यासमोर धरलं. "मामंजी, हा बघा तिचा भोवरा."

त्यांनी ते मातीत भिरकावलं. "घोड्यातलं तुला काय कळतं? घरी जाऊन माझी गोधडी शिव."

मी टोक शोधून पदरात बांधलं.

"शिवते की, मामंजी. आजच शिवते."