लाल क्रिस्टल

वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि पारख्याने पत्र्याच्या डबीतला लाल क्रिस्टल उचलून खिशात टाकला.

नखाएवढी वस्तू. रिमोटवर चालणाऱ्या जुन्या मोटारींना असे दोन लागतात, एक मोटारीत आणि एक रिमोटमध्ये, दोन्ही एकाच रंगाचे. जोडीतला एक नसला की मोटार बहिरी. आणि बहिऱ्या मोटारीला भाव कोण देतो? त्याची ही जुनी युक्ती होती. आधी एखादा बारीक भाग गायब करायचा, मग चेहरा पाडून म्हणायचं, संच अपुरा आहे हो.

लोक त्याला पारखी म्हणत, कारण नजर खरोखरच पक्की होती. दानतीबद्दल कोणी काही म्हणत नसे.

खोली वहिनींच्या नवऱ्याची, घड्याळजींची. वीस वर्षं दर रविवारी त्यांनी आणि पारख्याने एकाच मैदानावर मोटारी पळवल्या होत्या. घड्याळजी गेल्या महिन्यात गेले. मागे राहिली भिंतभर खोकी, आणि सगळ्यात वरच्या फळीवर मोटारीच्या सुट्या भागांचा तो संच. तीस वर्षं जुना, न जोडलेला, एकही पिशवी न फोडलेला. पारख्याने तो वीस वर्षं मागितला होता आणि घड्याळजी वीस वर्षं नुसते हसले होते.

वहिनींनी दारातच सांगून टाकलं होतं, “यातून काय येईल त्यावर ठरवणार आहे, भाऊजी. ही जागा ठेवायची, की मुलीच्या घरी पाहुणी होऊन पडायचं.”

चहा आला. वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात शालीखाली घेतले. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

पारख्याने खालच्या फळीवरच्या मोटारीचा खटका सरकवला. तिच्या एरियलला लाल फीत होती, म्हणजे आत लाल क्रिस्टल. टक् झालं आणि पुढची चाकं सरळ झाली.

“जीव आहे अजून. रिमोट कुठाय हिचा?”

“असेल इथंच कुठंतरी. राहू द्या चालू. हे पण ठेवायचे. घरात कोणी असल्यासारखं वाटतं.”

त्याने वरचं खोकं उतरवून टेबलावर ठेवलं, झाकण उचललं आणि भिंग लावून एकेक पिशवी पाहिली. सगळं कारखान्यातून कालच निघाल्यासारखं होतं.

“अरेरे,” तो म्हणाला. “वहिनी, या पिशव्यांच्या पिना नंतर मारल्यात. कोणीतरी उघडून पुन्हा बंद केलंय.”

फळीवर बारीक गुरगुर झाली. लाल फितीच्या मोटारीची चाकं डावीकडे वळली होती.

“शेजारी कोणाकडे खेळण्यातली मोटार आहे का?” त्याने विचारलं. “एकाच लहरीवर असली की होतं असं.”

“नाही बाई. खाली सगळे म्हातारे राहतात.”

चाकं सरळ झाली. त्याने घसा खाकरला.

“खोक्यावरचं चित्र मात्र ताजं आहे.” चाकं हलली नाहीत. “पण टायरचं रबर पार कडक झालंय.”

गुर्रर्र. डावीकडे.

चहा बशीत सांडला. त्याने मुद्दाम एक खरं वाक्य टाकून पाहिलं, मग एक खोटं. खऱ्याला चाकं गप्प, खोट्याला डावीकडे.

“काय झालं, भाऊजी? पांढरेफटक पडलात.”

“काही नाही.”

डावीकडे.

“हे तुमची गंमत सांगायचे,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “पारखी थाप मारायला लागला की त्याचे डोळे डावीकडे जातात म्हणे.”

पारख्याने कागद ओढला. घाईघाईने लिहिलं: पिशव्या मूळच्या, संच कधीही उघडलेला नाही. खाली खरी किंमत लिहून सही ठोकली.

“तीन वर्षांचं भाडं सुटेल, वहिनी, या एकट्या खोक्यात. माझी चूक झाली. जागा सोडू नका.”

वहिनींनी कागद वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि मग त्यांना हसू आवरेना. शालीखालून त्यांनी रिमोट बाहेर काढला. त्यावरचा दिवा लागलेला होता.

“घ्या! यांनीच शिकवून ठेवलं होतं. म्हणाले, मी गेल्यावर तो पहिल्यांदा येईल. त्याचे डोळे डावीकडे गेले की तू हा दांडा डावीकडे ढकल. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण जमलं की नाही?”

पारखी मटकन खुर्चीत बसला आणि हसतच सुटला. फसवलं गेल्याचा इतका आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता.

“जिवंतपणी हरवलं ते हरवलंच, वर जाऊनही सोडेना! आणा बघू इकडे.”

रिमोट हातात आल्यावर सवयीने त्याने तो उलटा केला. मागच्या खाचेत काहीच नव्हतं.

“वहिनी, यातला क्रिस्टल कुठाय?”

“ते काय असतं? हे रोज काहीतरी काढून त्या डबीत ठेवायचे, तेच का?” त्यांनी डबी उघडली. “इथं तर नाही. मी फक्त खटका दाबला हो. तुम्ही घेतलंत का?”

खिशातली नखाएवढी वस्तू त्याच्या मांडीला टोचत होती.

“मी? छे,” पारखी म्हणाला.

वहिनींचे दोन्ही हात डबीवर होते, रिमोट त्याच्याच मांडीवर उलटा पडला होता, आणि फळीवरची चाकं सावकाश डावीकडे वळली.