फोरमनचा खोकला

फोरमनचा खोकला दारापाशी ऐकू आला, तेव्हा अक्काचा हात नव्या मशीनच्या हिरव्या बटणावर होता. तिने झटकन मशीन बंद केलं. तिच्या टेबलावर काम करणाऱ्या वहिनीने कव्हर ओढलं, त्याच टेबलावरच्या लंबूने वाकडीतिकडी झालेली खोकी पिंपात कोंबली. फोरमन आत येईपर्यंत तिघंही डबे उघडून असे जेवत बसले होते, की जणू सकाळपासून तेवढंच करत होते.

"चालू द्या जेवण," फोरमन म्हणाला, पुन्हा एकदा खोकला आणि पुढे गेला.

अक्काचा जीव भांड्यात पडला. लगेच तिला वाईटही वाटलं. पूर्वी हा माणूस मांजरासारखा यायचा. मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नसे, आणि गप्पा मारणारे आयतेच सापडायचे. आता खोकला असा पाठीस लागला होता, की स्वारी कुठवर आली ते अख्ख्या कारखान्याला कळायचं. अक्काने त्याला घरून आल्याचा रस घातलेला मधही आणून दिला होता. आजारी माणसाच्या डोळ्यांत आपण धूळ फेकतोय, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. पण त्या मशीनने डोक्यात घर केलं होतं, त्याला काय करणार?

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. अक्काची सगळी उमर टेबलाशी उभं राहून खोक्यांच्या कडांना खळ लावण्यात गेली होती. मग हे मशीन आलं. एका बाजूने पुठ्ठा घालायचा, की घडी पडून, चिकटून, दुसऱ्या बाजूने तयार खोकं बाहेर. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "महिनाअखेर मी येईन. कुणी चालवून दाखवलं तर मशीन इथे राहील. नाहीतर ते दुसऱ्या कारखान्यात जाईल आणि खोक्यांचं कामही तिकडेच जाईल." म्हणजे अक्काने घरी बसायचं, आणि बाकीच्यांनीही.

फोरमनने शिकवणीचा वर्ग काढला. खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. आले दोघं, त्यातला एक चहासाठी. अक्का गेली नाही. या वयात सगळ्यांदेखत भलतंच बटण दाबलं आणि मागे कुणी फिसकन हसलं, तर तोंड कुठे लपवायचं? इतरांचंही दुखणं तेच होतं, फक्त सांगताना कुणाचे गुडघे दुखत होते आणि कुणाकडे पाहुणे आले होते.

दुसऱ्या दिवशी फोरमनने मशीनवर पाटी टांगली. 'हात लावू नये. लावल्यास घरी पाठवण्यात येईल.'

अक्काच्या मस्तकात तिडीकच गेली. "आपण काय शेंबडी पोरं आहोत का?" ती वहिनीला म्हणाली, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या पाटीच्या नाकावर टिच्चून तिने कव्हर उचललं. चावी मशीनलाच राहिली होती. शेजारी टाकाऊ पुठ्ठ्यांची चळत होती, ती फेकून द्यायचं फोरमन रोज विसरायचा. खोकल्यापायी बिचाऱ्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

पहिलं खोकं म्हशीने बसून चेपल्यासारखं निघालं. तिघंही पोट धरून हसले. पण ते हसणं अक्काला झोंबलं नाही, कारण तिघंही सारखेच अडाणी होते. मग नादच लागला. खळ किती सोडायची, पुठ्ठा कुठे अडतो, अडण्याआधी मशीनचा आवाज कसा बदलतो, सगळं चुकतमाकत हाताखालून गेलं. घरी नवरा काहीबाही सांगत असायचा आणि अक्काची बोटं ताटाच्या काठावर मशीनची चाकं फिरवत असायची.

महिनाअखेर मालक आले. "बोला, कोण चालवणार?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. येतं म्हणावं, तर हुकूम मोडल्याची कबुली. गप्प बसावं, तर मशीन हातचं जाणार. अक्काने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा खळीच्या टेबलाकडे.

"मी चालवते," ती म्हणाली. "घरी पाठवायचं असेल तर नंतर पाठवा."

मशीन सुरू झालं. मध्येच आवाज बदलला. अक्काने बटण दाबून मशीन थांबवलं, बाजूचं झाकण उघडून अडकलेला पुठ्ठा ओढून काढला आणि पुन्हा सुरू केलं. सरळ कडांचं, घट्ट चिकटलेलं खोकं बाहेर आलं. त्यामागून दुसरं. मालकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यावर थाप मारली.

"मशीन इथेच राहील. पण शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. मीच जेवणाच्या सुट्टीत चोरून हात लावला. बाकी कुणाचा दोष नाही."

"मी पण होते," वहिनी म्हणाली. लंबूने हात वर केला. मागून पॅकिंगवाले पुढे सरकले. "आम्ही चहाच्या सुट्टीत शिकलो," त्यातला एकजण हळूच म्हणाला. अक्का बघतच राहिली.

मालक फोरमनकडे बघून मोठ्याने हसले. फोरमनने शांतपणे पाटी काढून काखेत मारली.

मालक गेल्यावर अक्का मधाची नवी बाटली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "साहेब, चुकलंच आमचं. तुमच्या दुखण्याचा फायदा घेतला. पण आज सकाळपासून खोकला ऐकू आला नाही. मधाचा गुण आला वाटतं."

फोरमनने बाटली उघडली, बोट बुडवून चाखलं.

"मध झकास आहे. पण मला खोकला झालाच कधी होता, अक्का? कव्हर घालायला तुम्हाला वेळ नको का मिळायला?"