दुलईतला लॅपटॉप

“सत्त्याण्णव डिग्री,” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली. “यावर चहा उकळेल, काका. यावर एवढे गेम कोण खेळतं?”

“मीच.”

तिनं मान वर करून नीट पाहिलं. समोर बासष्ट वर्षांचे निवृत्त मुद्रितशोधक उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला लाल पेन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून काढलेला माणूस, पण लॅपटॉपच्या बाबतीत अगदीच अक्षरशत्रू.

“गादीवर ठेवून वापरता का?”

“छे. टेबलावर.”

तिनं ब्रश घेतला आणि मागच्या जाळीतून कापसाचा एक बोळा ओढून काढला. “तुमच्या टेबलात कापूस भरलाय वाटतं.”

मुद्रितशोधकांनी चष्मा पुसायला काढला.

पंखा गेल्यातच जमा होता आणि वॉरंटीचे नऊ दिवस उरले होते. आज ठेवून गेलात तर नवा पंखा फुकटात बसेल, पण तीन आठवडे लागतील, असं तिनं सांगितलं. “आणि बाहेर कुणाकडून उघडून घेऊ नका. एक स्क्रू जरी हलला तरी वॉरंटी संपली.”

“उद्या आणतो,” ते म्हणाले. त्यांचं हे ‘उद्या’ ती तिसऱ्यांदा ऐकत होती.

घरी येऊन त्यांनी स्वयंपाक केला. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी स्वयंपाक व्हायचा तो दोघांचाच. स्वतः जेवले, दुसरं ताट वाढून झाकून ठेवलं, भांडी घासली. मग घरात नेहमीची शांतता पसरली. सकाळी दूधवाल्याशी दोन शब्द झाले तर झाले, नाहीतर दिवसचे दिवस तोंड उघडायचं काम पडत नसे. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. त्यांना ती झाली नव्हती.

तीन वाजता ते खोलीत गेले. दार लावलं, खालच्या फटीला टॉवेल लावला. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि तो आवाज बाहेर गेलेला त्यांना चालत नसे. म्हणून पलंगावर दुलईची घडी करून त्यांनी लॅपटॉप तिच्यात बसवला आणि हेडफोन कानाला लावले.

“आलास?” घुबड म्हणाला.

घुबड हा ऑनलाइन गेममधला त्यांचा जोडीदार. तो बोलायचा, हे टाइप करायचे. माइक बिघडलाय अशी थाप त्यांनी पहिल्याच दिवशी मारली होती, आठ महिन्यांपूर्वी. घुबडानं पुढं वाट काढायची, त्यांनी मागं राहून त्याची पाठ सांभाळायची, अशी वाटणी होती. सुरुवातीला त्यानं टिंगल केली होती, “प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतोस, परीक्षेला बसलायस का?” तेव्हापासून त्यांनी पूर्णविराम सोडले. चौतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांचे पूर्णविराम जागेवर बसवले, त्याला ते किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

पण हा तासभर त्यांना हवा होता. घुबड हसायचा, चिडायचा, मधेच मनातलंही बोलायचा. माणसांसमोर तोंडातून शब्द फुटत नाही, इथं फुटतो, असं एकदा म्हणाला होता. त्यावर त्यांनी ‘बोल’ एवढंच लिहिलं होतं.

आधीचा जोडीदार पाच दिवस दिसला नाही, तर घुबडानं त्याला काढून टाकलं होतं. इथं तर तीन आठवड्यांचा प्रश्न होता. त्यानंतर यांना कोण विचारणार होतं?

“पुन्हा अडकलास,” घुबड म्हणाला. “माझ्यावर मागून हल्ला झाला आणि तू आपला पुतळा.”

‘लॅपटॉप तापतोय’

“वॉरंटी असेल ना? देऊन टाक.”

‘तीन आठवडे लागतील’

“तीन आठवडे म्हणजे फारच झाले. मी तोवर काय करू?”

त्यांना बरं वाटलं.

“माझाही असाच तापायचा,” घुबड पुढं म्हणाला. “मी उघडला, पंखा साफ केला, तेल दिलं. अर्ध्या तासाचं काम. तुझाही मीच करून दिला असता.”

‘आणून दिला तर खरंच करशील?’

“करीन की. पण तू असतोस कुठं?”

त्यांची बोटं थांबली. आठ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. खोटं लिहायची लाज वाटली, आणि खरं लिहिलं तर हा तासही जाईल अशी भीती वाटली. पंखा घरघरत होता. दुलई कोमट झाली होती.

‘जवळच’, त्यांनी लिहिलं. ‘आणतो’

“जवळच म्हणजे?”

वॉरंटीचं कार्ड पिशवीत होतं, ते त्यांनी तिथंच राहू दिलं. दाराच्या फटीतला टॉवेल उचलून त्यात तापलेला लॅपटॉप धरला आणि हेडफोन कानाला तसेच ठेवून ते खोलीबाहेर पडले. पॅसेजमधून चार पावलं चालून ते दुसऱ्या खोलीच्या बंद दारापुढं थांबले आणि बोटाच्या पेरानं हलकेच दोनदा वाजवलं.

“थांब हं, दार वाजतंय,” घुबड कानात म्हणाला. त्यांनी लॅपटॉप दाराकडं पुढं धरला.

“काही नाही रे. बाबा असतील. जातील परत.”