हिवाळ्याचे कपडे

आईने बॅगेत फक्त सुती कपडे भरले होते. पंधरा दिवसांसाठी ती परदेशी निघाली होती आणि तिथे ऐन उन्हाळा होता. ती ज्या दवाखान्यात नर्स होती, तिथले डॉक्टर निवृत्तीनंतर तिकडे राहायला गेले होते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईनेही मुलाला एकटीनेच वाढवलं होतं. "जुनी ओळख आहे, भेटून येते," एवढंच तिने मुलाला सांगितलं. पुढचं सांगायला जीभ रेटत नव्हती.

मुलगा खोलीत आला आणि नवाकोरा लोकरीचा कोट, हातमोजे, कानटोपी असं एकेक बॅगेत कोंबू लागला.

"अरे, उन्हाळा आहे तिथे. उगाच ओझं कशाला?"

"उन्हाळ्यानंतर हिवाळा येतोच की, आई."

"तोवर मी परत आलेली असेन."

"येशील. आणि पुन्हा जाशील." बॅगेवर गुडघा टेकवून त्याने चेन ओढायला घेतली. "काल डॉक्टरांचा फोन आला होता. रीतसर मागणी घातली त्यांनी तुला. माझ्याकडे."

आई पलंगाच्या कडेवर टेकली. तिला त्याच्याकडे बघवेना.

"मग... तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आमच्या मुलीला थंडी अजिबात सोसत नाही, ते आधी ऐकून ठेवा. बाकी तिला विचारून कळवतो."