चिमण्यांचा खोकला

"काका, तुमच्या चिमण्या खोकतात," पिंजऱ्याला कान लावून ऋजुता म्हणाली.

"आजारी न्हाईत मॅडम," रवळू गावडे घाईने म्हणाले. "ठणठणीत हाईत."

ते तपासणीला आलेल्या ऋजुतालाही कळत होतं. चिमण्या नाहीशा होऊन चाळीस वर्षं झाली होती. प्रयोगशाळेतल्या अंड्यांतून त्या पुन्हा जन्मल्या, पण त्यांना बोलायला शिकवणारी आई उरली नव्हती. मग ज्या त्या गावच्या माणसांनी शिकवलं. धारवाडच्या चिमण्या चिलिपिली करत, भोपाळच्या चीं चीं. चंदगडच्या पिल्लांना रवळूंच्या बायकोचा, म्हणजे अंगणवाडीच्या शेवंताबाईंचा, रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला होता. चिव चिव, चिव चिव, आणि मध्येच दम्याचा खोकला. शेवंताबाई मागच्या वर्षी गेल्या. पिल्लांनी खोकलाही उचलला होता.

"सोडण्याआधी हा दोष काढावा लागेल. उद्यापासून पुण्याच्या बाईंचा आवाज लावू. पंधरा दिवसांत विसरतील."

"तुमी म्हणाल तसं," रवळू खाली बघत म्हणाले.

तेवढ्यात एक चिमणी खोकली.

"पाणी पी गं जरा," रवळू म्हणून गेले. वाटी पुढे सरकवल्यावर त्यांना भान आलं. ते उगाच टोपी झटकत राहिले.

ऋजुताने तपासणीच्या कागदावर 'दोष' या शब्दापुढे लिहिलेला 'खोकला' खोडला. तोच शब्द तिने खाली, 'बोली'पुढे लिहिला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

दुपारी गावातल्या कौलाकौलांवर कुणीतरी खोकत होतं, आणि रवळू दारोदार पाण्याच्या वाट्या ठेवत फिरत होते.