बाईसाहेबांना सोबत चालत नाही

मांजर पिंजऱ्यातून बाहेर यायचं नाव घेत नव्हती. प्राण्यांचा निवारा चालवणाऱ्या ताईंनी दार उघडलं, दोनदा हाक मारली आणि शेवटी कंटाळून स्टूल ओढून बसल्या.

"हिचं असंच आहे," त्या म्हणाल्या. "माणसांशी वैर नाही, चार दिवसांत मांडीवर येईल. पण घरात दुसरं जनावर खपत नाही. दोन घरांतून परत आलीय. एका ठिकाणी कुत्र्याचा डोळा थोडक्यात वाचला."

कंपाउंडर गुडघा चोळत उभे होते. ज्या दवाखान्यात त्यांनी उभा जन्म औषधाच्या पुड्या बांधल्या, तो बंद होऊन कैक वर्षं झाली होती. लोक मात्र अजून त्यांना कंपाउंडरच म्हणत. शेजारच्या पिंजऱ्यात एक पांढरा बोका जाळीला गाल घासत होता. त्यांचं मन त्याच्यावर गेलं. तसं ते लेकीला म्हणालेही.

"बोके हुंदडायला जातात, बाबा. तुम्ही कुठे शोधत हिंडणार? हीच घ्या. तुम्ही एकटे, ती एकटी. जमेल तुमचं."

लेक अर्धी रजा टाकून आली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. नोकरी, घर, पोरगं, शिवाय दर रविवारी बापाकडची फेरी. तिच्याशी हुज्जत घालणं कंपाउंडरांच्या जिवावर आलं. ते बरं म्हणाले.

बायको गेल्यापासून लेकीचं एकच पालुपद होतं, बाबा, आता आमच्याकडेच चला. कंपाउंडर दर वेळी नाही म्हणायचे. जावई भला माणूस, पण घर त्याचं. तिथे खोकलायचं तरी दबकूनच. पुढे मात्र तीन जिने चढताना मध्येच टेकावं लागायला लागलं, आणि त्यांचा ताठा उतरला. एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "येतो मी तुझ्याकडे. तुझंच खरं."

लेक कप धूत होती. तिने तो पुन्हा एकदा धुतला. मग म्हणाली, खोली रिकामी करायला जरा वेळ लागेल, तोवर तुम्हाला सोबत म्हणून एखादी मांजर आणू. पोरगी थेट आईवर गेलीय, कंपाउंडरांना वाटलं. सगळ्यांचा विचार करते.

मांजर घरी आली ती कपाटाखाली शिरली. चौथ्या दिवशी बाहेर पडली आणि आपल्याच बापाचं घर असल्यासारखी खुर्चीवर चढून बसली. कंपाउंडरांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. खिडकीवर कबुतर बसलं तरी बाईसाहेबांचा पारा चढायचा. शेजारीण आपलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन दारात आली, तर शेपटी फुलवून तिने दोघांनाही जिन्यापर्यंत पोचवलं. कंपाउंडर कित्येक दिवसांनी मोठ्याने हसले. दुपारी ती त्यांच्या पोटावर झोपायची आणि ते कूस बदलायची हिंमत करत नसत. कुणीतरी आपल्यावर विसावतंय, याचंच त्यांना फार बरं वाटे.

खोलीचं काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा लेक बराच वेळ बाईसाहेबांकडे बघत राहिली. खोली काय, होईल, ती म्हणाली. पण पैलवानाचं काय करायचं? पैलवान म्हणजे जावयाचा कुत्रा, वासराएवढा. नातू त्याच्याच अंगावर डोकं ठेवून झोपायचा. तो आणि बाईसाहेब एका घरात म्हणजे रोजची लढाई, आणि मध्ये लहान मूल.

"तुमचाही जीव जडलाय हिच्यावर. परत नेऊन टाकवेल का तुम्हाला?" तिने डोळे पुसले. "माझ्या मनात फार होतं हो, बाबा."

"राहू दे गं," कंपाउंडर म्हणाले. "माझं काय अडलंय इथे." तिचं रडणं त्यांना बघवत नसे. उलट तिचीच समजूत घालून त्यांनी तिला खाली बसथांब्यापर्यंत सोडलं. वर यायला त्यांना खूप वेळ लागला.

त्यानंतर एकदा ते जिन्यातच घेरी येऊन बसले. शेजारणीने पाणी दिलं, हात धरून घरात आणलं आणि सरळ सुनावलं, की काका, हे आता एकट्याचं काम राहिलेलं नाही. ते त्यांनाही कळत होतं. त्यांना भीती वाटत होती. एकट्याने मरायची नव्हे, आपण गेल्याचं कुणाला कळणारच नाही याची.

दोन दिवस त्यांनी बाईसाहेबांच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी तिला टोपलीत घातलं. ती ओरडली नाही, त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. लेकीला त्यांनी काहीच कळवलं नाही. सगळं मार्गी लावूनच सांगू, म्हणजे तिच्या जिवाचा घोर मिटेल.

निवाऱ्याच्या ताईंनी टोपली घेतली. रागावल्या नाहीत. इथे परत आलेल्याला का परत आलास म्हणून विचारायची पद्धत नाही, म्हणाल्या. पण कंपाउंडरांना सांगितल्यावाचून राहवेना.

"हिचा काही दोष नाही हो. मलाच लेकीकडे राहायला जायचंय. तिच्याकडे कुत्रा आहे. ही तिथे राहणार नाही म्हणून लेकीचा नाइलाज झालाय. पोर रडली माझ्यापुढे."

ताईंचा हात टोपलीवरच थांबला.

"लेक म्हणजे त्या दिवशी तुमच्याबरोबर आल्या होत्या त्याच ना?"

"तीच. एकुलती एक आहे."

"पण काका, त्या आदल्या दिवशी एकट्याच येऊन गेल्या होत्या," ताई गोंधळून म्हणाल्या. "काही केल्या कुत्र्याबरोबर राहणार नाही, अशीच मांजर दाखवा म्हणाल्या."