सवतीचा मोगरा

मोगरा थंडीत फुलत नाही, पण मुखरूला तो थंडीतच हवा असायचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडईच्या जत्रा भरत, दंडारीचे खेळ होत आणि खेळातली राणी मुखरूच व्हायचा. विहिरीवरच्या बाया त्या राणीला त्याच्या बायकोची, भागीरथेची, सवत म्हणत. भागीरथेने रॉकेलच्या डब्यात लावलेला मोगरा चुलीशेजारी ठेवला होता. दिवसा ती डबा दारातल्या उन्हात सरकवायची, सांजेला आत घ्यायची, कोमट पाणी घालायची. झाडाने कळ्या धराव्यात म्हणून पानंही खुडायची. "सवतीसाठी लय राबून राह्यली वो!" बाया म्हणायच्या, आणि तीही हसायची. यंदा कळ्या धरल्या. गजरा ओवता ओवता तिने विचारलं, "एक फूल मी घेऊ काय?" आरशावरची नजर न काढता मुखरू म्हणाला, "तुले कोन पाह्यते? रानीले कमी पडन." खेळ संपवून सकाळी तो परतला, ओठांवर लाली तशीच. गंगावनातला मरगळलेला गजरा सोडून त्याने तिच्यापुढे टाकला. "घे, माळ आता." तिने गजरा चुलीत सारला. "सवतीचं उतरलेलं मी नाई माळत." मग भाताची उकळती पेज उचलून तिने सावकाश, अगदी मुळाशी, मोगऱ्याच्या डब्यात ओतली. "हे काऊन केलं वो?" मुखरू ओरडला. "थंडी हाय न," रिकामं भांडं खाली ठेवत ती म्हणाली, "रोज कोमट असते. आज जरा जास्त तापलं."